बू सुमार्नींच्या ओसरीवरचं रसायनशास्त्र

"मास, तुला मोलची गणितं येतात?" निंग्रुमने विचारलं, तेव्हा प्रास्तोवोच्या तोंडात भाताचा घास होता.

कॉलेजच्या कँटीनमध्ये ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती. सबंध सत्र त्याने रसायनशास्त्राच्या तासाला तिच्या डोक्यावरची निळी ओढणी बघण्यात घालवलं होतं. फळ्यावर त्या काळात बरंच काही येऊन गेलं असावं. मधल्या परीक्षेत त्याला इतके कमी गुण पडले, की सरांनी त्याला गैरहजर समजून पुन्हा परीक्षेला बोलावलं.

त्याने घास गिळला आणि म्हणाला, "येतात की. सोपी असतात."

निंग्रुम क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. "असं? मग शनिवारी शिकवशील? शेवटची परीक्षा आलीच आता."

'मास' म्हणजे दादाच. पण जावातला हा दादा भाऊबीजेचा नव्हे. तिथे बायका नवऱ्यालाही मास म्हणतात. प्रास्तोवो त्या एका शब्दावर दिवसभर तरंगत राहिला आणि संध्याकाळी जमिनीवर आला. त्याने पुस्तक उघडलं. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच उघडत असल्यामुळे कुरकुरलं.

शनिवारपर्यंत मोल म्हणजे काय इथवर तो कसाबसा पोचला. त्याची खोली बू सुमार्नींच्या घरात होती. बू म्हणजे आई; तिथे वयाने मोठ्या बायकांना असंच म्हणतात. त्याला ओसरी झाडून उदबत्ती लावताना पाहून घरमालकीणबाई दारात उभ्या राहिल्या.

"मास, उदबत्ती कशाला? अभ्यासाला वास येतो का?"

"पाहुणी येणार आहे, बू."

"मग शर्टही बदल. वास येतो."

निंग्रुम आली, चटईवर बसली. अर्धं गणित ठीक चाललं. मग दोन पदार्थांपैकी आधी कोणता संपणार, हे काढायचं आलं आणि प्रास्तोवो छताकडे बघू लागला. तेवढ्यात बू सुमार्नी तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांच्या, गरम भज्यांची बशी घेऊन आल्या. भज्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर एक हिरवी मिरची चावायची, ही तिथली रीत. बशीत तेंपे दहा होते, मिरच्या चारच.

"मिरच्या चारच कशा, बू?"

"महाग झाल्यात. खा तेवढ्यात."

प्रास्तोवोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "हे बघ! तेंपे कितीही असू देत. चार मिरच्या संपल्या की जोड्या संपल्या. किती जोड्या होणार हे मिरची ठरवते. उरलेले सहा तेंपे नुसते बसून राहणार."

"बिचारे," निंग्रुम म्हणाली आणि हसली. "कसं सुचतं रे तुला?"

त्याला स्वतःलाच पहिल्यांदा ते समजलं होतं. पण हे तो बोलला नाही. मिरची न घेता त्याने तीन तेंपे खाल्ले.

इथवर सगळं छान होतं. पण बू सुमार्नींच्या पोटात कौतुक राहत नसे. त्यांनी ते भाजीवाल्या गाडीपाशी सांगितलं, तिथून ते गल्लीतल्या बाकीच्या खोल्यांत गेलं. दुसऱ्या दिवशी निंग्रुमबरोबर आणखी सहा जण ओसरीवर हजर झाले.

"मास, आमचंही मोल राहिलंय!"

"आज मोल नाही," प्रास्तोवो गडबडीने म्हणाला. "आज आम्लं."

आम्लं त्याला येत नव्हती. म्हणून निंग्रुमसाठी त्याला ती त्याच पहाटे उठून शिकावी लागली होती. दुसऱ्या पहाटे समतोल, तिसऱ्या पहाटे वायूंचे नियम. माणसं वाढतच होती. बू सुमार्नींनी अंगणात चटया टाकल्या आणि भजी विकायला काढली. मिरच्यांची टंचाईही संपली.

निंग्रुम मात्र रोज मागे सरकत होती. "तू बस पुढे, तुझं कच्चंय," असं म्हणत ती कुणालाही जागा द्यायची. ओसरीवरून ती पायरीवर गेली, पायरीवरून फणसाखाली, मग थेट फाटकाशी. तिथून निळ्या ओढणीचं एक टोक तेवढं दिसायचं. प्रास्तोवो त्या टोकाला वायूंचे नियम समजावत राही.

गर्दी पळवून लावायची म्हणून त्याने एक दिवस मुद्दाम सगळ्यांत किचकट प्रकरण काढलं. गल्लीत बातमी गेली: प्रास्तोवो मास कठीणसुद्धा शिकवतो. दुसऱ्या दिवशी लोक कुंपणावर बसले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी फाटकाशी ओढणी नव्हती.

"आम्ल पाण्यात गेलं की..." प्रास्तोवो म्हणाला आणि थांबला.

"काय होतं, मास?"

"गेलं," तो म्हणाला. "आलंच नाही."

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

पेपर त्याने पूर्ण सोडवला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. बाहेर पडून तो सरळ निंग्रुम राहत होती त्या घराकडे गेला. ती पायरीवर बॅग घेऊन बसली होती. सुट्टीसाठी बान्युवांगीला, आईकडे निघाली होती. गाडी यायची होती.

"काल आली नाहीस?"

"आले होते. फाटकाबाहेर डुरियनची फळं विकणाऱ्याची गाडी होती. तो म्हणाला, पोरी, मागे सरक. आणखी किती मागे सरकू?"

"पेपर कसा गेला?"

"मधल्या परीक्षेसारखाच. तेव्हा मी पहिली आले होते."

प्रास्तोवो पायरीवर बसलाच. "पहिली? मग मोल..."

"मोल मला शाळेपासून येतो."

"मग मला कशाला विचारलंस?"

"दुसरं काय विचारणार? सबंध सत्र तू तोंड उघडलं नाहीस. वाटलं, 'नाही येत' म्हणशील. मग मी म्हणेन, चल, मी शिकवते. तर तू म्हणालास, सोपी असतात!"

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगणार होते. पण तू तेंपे मोजायला लागलास. इतका मन लावून मोजत होतास, की बघत बसले. म्हटलं उद्या सांगू. उद्या सहा जण आले."

तेवढ्यात गाडी आली. आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून अख्खी ओसरी आली.

"मास! पुढच्या सत्राला फिजिक्स! वर्ग कधीपासून?"

"मला फिजिक्स येत नाही," प्रास्तोवो ओरडला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. पण बघत होता गाडीच्या खिडकीकडे. "काहीच येत नाही!"

निंग्रुमने काच खाली केली. "खरंच?"

"आईशप्पथ."

"मला येतं," ती म्हणाली, आणि गाडी हलली.

वळणापर्यंत निळी ओढणी दिसली. मग नुसती काच दिसली, मग रस्ता. दोन महिने कॉलेज बंद राहणार होतं. सुट्टी लागल्याचं वाईट वाटण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मास, ती फिजिक्स शिकवते? किती जणांना घेईल?"

"एकाला," प्रास्तोवो म्हणाला.