पदकाच्या कडेवरचं नाव

“नाव कशाला हवं? दिवेवाला म्हणा.” आजोबांचा तो आवाज पोस्टमास्तरांच्या कानात साठ वर्षं मुक्कामाला होता. आजोबा आधी गोऱ्या साहेबाच्या पलटणीत शिपाई, मग चाळीस वर्षं नगरपालिकेचे दिवे लावणारे. आता चौकात जुन्या सैनिकांच्या नावांची शिळा बसणार होती. निवृत्त पोस्टमास्तरांनी घरात जाहीर केलं, “आजोबांचं नाव त्यावर नसलं, तर ही मिशी उतरवीन.”

पुरावा एकच, चांदीचं पदक. दफ्तरखान्यातल्या कारकुनाने ते भिंगाखाली गोल फिरवलं.

“कडेवर शिपायाचं नाव ठोकलेलं असतं. इथे तर सगळं गुळगुळीत.”

“घरचं पदक आहे हो.”

“असेल. तुम्ही जन्मभर पत्रं परत पाठवलीत ना, पत्ता अपुरा म्हणून? तसंच हे.”

पोस्टमास्तर तणतणत घरी आले ते थेट बायकोवर. “दर रविवारी राख लावून घासतेस! माझ्या आजोबांचं नाव धुऊन टाकलंस.”

“तुमच्या जेवणाच्या डब्यावर कोरलेलं नाव तीस वर्षं घासतेय, ते बरं जात नाही?” एवढं बोलून तिने डबाही बंद केला आणि बोलणंही.

माघार घेतील ते पोस्टमास्तर कसले! दुसऱ्या दिवशी पलटणीच्या नोंदवहीत आजोबांच्या नावाचे दोन शिपाई सापडले. एकापुढे लाल शाईत लिहिलं होतं, ‘हुकूम मोडला. हाकलला.’

“असला माणूस आमच्या घरात होणं शक्य नाही,” पोस्टमास्तर गरजले. दुसऱ्यापुढे ‘पराक्रमी’ दिसताच ‘हेच आमचे आजोबा’ म्हणून त्यांनी झोकात सही ठोकली.

कारकुनाने पुढचा रकाना वाचला. “एकोणिसाव्या वर्षी युद्धात कामी आला. अविवाहित.” मग चष्म्यावरून बघत म्हणाला, “मग तुम्ही कुठून आलात?”

अख्खा दफ्तरखाना खो खो हसला. ते हसू पोस्टमास्तरांच्या आधी घरी पोचलं होतं. बायको पाठमोरी. खिडकीत आत्या मटार सोलत बसलेली, आजोबांची लेक, वय शहाऐंशी.

“हिने घासलं नसतं, तर ही वेळ आली नसती,” पोस्टमास्तर पुटपुटले.

आत्याच्या हातातली शेंग थांबली.

“तिला बोलू नकोस. ते नाव माझ्या बापाने घासलंय. पायरीवर बसून, कानशीने, आठ दिवस. निःशस्त्र माणसांवर गोळी झाडायला नाही म्हणाला, म्हणून हाकलला. पलटणीने पदक परत मागितलं, तर तेही दिलं नाही. म्हणाला, त्यांच्या चांदीवर माझं नाव राहणार नाही, आणि माझ्या घरातून त्यांची चांदी जाणार नाही.”

“म्हणजे लाल शाईतला...”

“तोच.”

“आत्या, इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू कधी विचारलंस? तू सांगतच आलास.”

पोस्टमास्तर तसेच उठले, दफ्तरखान्यात गेले आणि छाती काढून म्हणाले, “लाल शाईतला तो आमचा. तुमच्या शिळेवर त्याचं नाव नको.”

घरी परतले, तर टेबलावर आरसा, साबण आणि वस्तरा मांडून ठेवलेला. शेजारी बायको, हाताची घडी घालून.

पोस्टमास्तरांनी मिशीला साबण फासला. आरशातच तिच्याकडे बघत, लग्नापासून अडवून धरलेलं टपाल त्यांनी अखेर पोचतं केलं.

“चुकलं माझं.”