चवळीचा तह

बासिदिकी जारा आमच्या परराष्ट्र मंत्रालयात शिष्टाचार अधिकारी होते. म्हणजे कोणत्या पाहुण्यानं कुठल्या खुर्चीवर बसायचं आणि कोणाच्या तोंडून काय निघता कामा नये, ही सगळी काळजी त्यांची. आमचं परराष्ट्र धोरणही तसं सोपं. सगळ्यांशी गोड बोलायचं, कोणाच्याच कळपात शिरायचं नाही. त्या दिवशी आमच्या राजधानीत, बामाकोत, शेजारी देशाशी तह व्हायचा होता. सरहद्दीवरच्या कुरणात आमची गुरं चरणार की त्यांची, हा वाद इतका जुना, की ज्या गुरांवरून तो पेटला त्यांची नातवंडंही म्हातारी झाली होती. मध्यस्थीला उत्तरेकडच्या एका बलाढ्य देशाच्या राजदूतबाई होत्या. बाई नुकत्याच आलेल्या, सोबत दुभाषा.

शेजाऱ्यांच्या शिष्टमंडळाचे प्रमुख दारात आले आणि नाव सांगते झाले, "सिरिमान त्राओरे."

झालं! जारा आणि त्राओरे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे भाऊ. भेटले की एकमेकांची लाज काढायची, आणि नाही काढली तर तो अपमान. मध्ये सरहद्द असो की नसो. 'चवळीखाऊ' ही त्यातली सगळ्यांत मोठी शिवी; जो चवळी खाताना सापडला, त्याचं घराणं हरलं. बासिदिकींचा शिष्टाचार क्षणभर घशाशी अडखळला आणि सरळ पोटात उतरला.

"काय रे चवळीखाऊ! गुलामांनी मागच्या दारानं यायचं, ठाऊक नाही का?"

"मालकाशी बोलतोयस, पोरा! आधी खिडक्या उघड. सकाळी चवळी हाणून आलायस, लांबूनच कळतंय!"

दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून खदाखदा हसले. तोवर दुभाष्यानं इमानेइतबारे शब्दन्‌शब्द बाईंच्या कानात ओतला होता. बाई पांढऱ्याफटक पडल्या; म्हणजे होत्या त्याहूनही.

त्यांनी मायदेशी फोन लावला. त्यांच्या सरकारनं तत्काळ 'तीव्र चिंता' व्यक्त केली. ते ऐकून त्यांच्या वैरी असलेल्या दुसऱ्या बलाढ्य देशानं चवळी खाणाऱ्या जनतेला जाहीर पाठिंबा दिला. पहिल्यानं विमानं सज्ज केली, दुसऱ्यानं चवळीनं भरलेलं जहाज आमच्याकडे सोडलं. आमच्या देशाला समुद्र नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. ते जहाज अजून आमचं बंदर शोधतंय म्हणतात.

मंत्र्यांनी बासिदिकींना बोलावलं. "सूर्य मावळायच्या आत तह झाला नाही, तर तुझी बदली अशा गावी करीन, जिथं माश्यासुद्धा स्वेटर घालतात!"

बासिदिकी धावतच बाईंकडे गेले. "बाईसाहेब, ती थट्टा होती हो. रीतच आहे आमच्यात."

"घाबरू नका," बाई हळूच म्हणाल्या. "असं म्हणायला तुम्हाला कोणी भाग पाडलं?"

मग त्या सिरिमानकडे वळल्या. "तुम्हीच सांगा. अपमान झाला ना?"

सिरिमाननं बासिदिकींकडे पाहिलं. असा मोका सात पिढ्यांत एकाही त्राओरेला मिळाला नव्हता. चेहरा लांब करून तो म्हणाला, "घोर अपमान झाला, बाई. आता या जारानं सगळ्यांसमोर ताटभर चवळी खाल्ली, तरच माझी सही."

"अरे लुच्च्या!" बासिदिकी ओरडले. दुभाष्यानं तेही सांगितलं.

"मग उठतो मी," म्हणत सिरिमाननं पेनाचं टोपण लावलं.

एकीकडे स्वेटरवाल्या माश्या, दुसरीकडे जारा घराण्याची अब्रू. समोरच्या खाणावळीतून ताट आलं. टीव्हीवाले आले. बासिदिकींनी डोळे मिटून पहिला घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला ते थबकले, तसे टीव्हीवाले पुढे सरसावले.

"मीठ बरोबर आहे," ते पुटपुटले. "पण कांदा अजून परतायला हवा होता. आमच्या घरी शेवटी वरून शेंगदाण्याचं तेल सोडतात..."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं.

"घरी!" सिरिमान खुर्चीवरच चढला. "ऐकलंत? याच्या घरी शिजते!" डोळ्यांतलं पाणी पुसत त्यानं सही ठोकली. "कुरण दोघांचं, जा! चवळी तेवढी तुझी एकट्याची!"

दोन्हीकडचे लोक पोट धरून हसताना पाहिले, तेव्हा कुठे बाईंना रीत उमगली. त्यांनी मायदेशी फोन करून विमानं थांबवली.

पुढच्या मेजवानीत बासिदिकींनी मोठा डाव टाकला. परक्या माणसाला आपलं आडनाव देऊन घरचं करून घ्यायचं, हीही आमची रीत. एवढा बलाढ्य देश जारांच्या बाजूला आला, तर त्राओरेंची काय बिशाद! बासिदिकी भर सभेत वाकून म्हणाले, "बाईसाहेब, आजपासून तुम्ही जारा. आमचं आडनाव स्वीकारा."

बाईंनी कोपऱ्यातल्या सिरिमानकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"उशीर केलास, पोरा," बाई आमच्या भाषेत म्हणाल्या. "मी कालच त्राओरे झाले. चल, आधी खिडक्या उघड."