तांदळाच्या डब्यातला फोन

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: फरशी पुसायची बादली, तिच्यात बुडबुडे सोडत तळाला गेलेला फोन आणि कोपरापर्यंत हात घालून तो शोधणारा काका. बिट्टीच्या काकाची अगदी हीच गत झाली होती. त्यात उद्या सकाळी त्याच फोनवर त्याची मुलाखत होती, आणि नोकरी होती फोनदुरुस्तीच्या दुकानातली!

काकाने फोन बंद केला आणि थेट तांदळाच्या डब्यात खुपसला.

"भावजी, तांदूळ नको," बिट्टीची आई म्हणाली. ती प्रयोगशाळेत काम करायची. "उघड्या हवेत लवकर वाळतो. तपासून पाहिलंय लोकांनी."

"माझ्या मित्राचा तांदळानेच सुरू झाला, वहिनी!"

"तो तसाही झाला असता. याला पुरावा नाही म्हणत."

"म्हणजे मी अडाणी?"

"असं कुठे म्हटलं मी? पण आकडेवारी बघितलीत तर..."

काकाने फोन आणखी खोल दाबला. आईने आवाज चढवला, तसा काकाने वरून आणखी तांदूळ ओतला. शेवटी डब्याचं झाकण लागेना आणि दोघं एकमेकांशी बोलेनात.

फोन मात्र आत ओलाच होता. बिट्टीला राहवेना. तिने दोन रुमाल भिजवून पिळले.

"काका, पैज लावतोस? एक तुझ्या तांदळात, एक खिडकीत. आधी कुठला वाळेल?"

"विचारतेस काय? माझाच!"

मग काका दर थोड्या वेळाने दोन्ही रुमाल गालाला लावून बघू लागला. ऊन उतरलं तेव्हा खिडकीतला रुमाल वाऱ्यावर फडफडत होता. तांदळातला निघाला तो ओलसर, अंगभर दाणे चिकटलेला. मग इकडेतिकडे पाहून काकाने हळूच फोन बाहेर काढला, चार्जरच्या भोकात अडकलेला दाणा काडीने उकरला आणि फोन खिडकीत ठेवला.

सकाळी फोन सुरू झाला, आणि वाजलाही. पलीकडून दुकानदाराचा आवाज साऱ्या घराला ऐकू येत होता.

"गिऱ्हाइकाचा फोन पाण्यात पडला, तर काय सांगाल?"

"पहिलं म्हणजे तांदूळ नको!" काका ठणकावून म्हणाला. "नुसतं खूळ आहे ते. बंद करून उघड्या हवेत ठेवा. मी स्वतः प्रयोग करून पाहिलाय."

"वा! सोमवारपासून या."

काका ऐटीत वळला. "वहिनी, तुम्हीही लक्षात ठेवा हं. लोक काय, काहीही सांगतात."

आईचे डोळे विस्फारले. ती तोंड उघडणार, एवढ्यात बिट्टीने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून.