फूटपट्टीनं मारल्यासारखी रेघ

नऊ वर्षं घर सांभाळून ताई पुन्हा नोकरीला लागल्या, त्याला तीनच आठवडे झाले होते. नोकरी अजून कच्चीच होती. ऑफिसात श्रवणयंत्रांची सर्किटं बनत. नव्या सर्किटची चाचणी आधी संगणकावर झाली आणि त्या आकड्यांचा आलेख काढायचं काम ताईंकडे आलं. आडव्या अक्षावर आत जाणारा आवाज, उभ्या अक्षावर बाहेर येणारा. रेघ जितकी सरळ, तितकं सर्किट चांगलं.

ताईंची रेघ फूटपट्टीनं मारल्यासारखी आली.

"ताई, याला म्हणतात काम," साहेब म्हणाले. त्यांनी लगेच आलेख गिऱ्हाइकाला पाठवला, शिवाय दाराएवढा छापून मीटिंगच्या खोलीत लावला. गिऱ्हाइकाचा फोन आला, "तीन वाजता येतो."

पावणेतीनला ताई कौतुकानं पुन्हा तो आलेख बघायला गेल्या. खाली लिहिलं होतं, आत जाणारा आवाज. बाजूलाही तेच. सॉफ्टवेअरनं आकड्यांचा पहिलाच रकाना दोनदा घेतला होता. धावत जाऊन त्यांनी दुसरा रकाना निवडला. रेघ निम्म्यापर्यंत नीट चढली आणि मग तिनं मान टाकली.

"साहेब, मी आवाजाची तुलना त्याच आवाजाशी केली."

"मग?"

"मग रेघ सरळच येणार. दगडाचा आलेख काढला असता तरी सरळच आला असता."

साहेबांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. "गिऱ्हाईक जिना चढतंय, ताई."

गिऱ्हाईक आत आलं. साहेबांनी तोंड उघडायच्या आत ताईंनी वाकडा आलेख पुढे केला. "सरळ रेघ चुकीची होती. चूक माझी. खरी ही."

त्या गृहस्थांनी तो बराच वेळ पाहिला. "सुटलो," ते म्हणाले. "मोठ्यानं बोललं की यंत्रातून आवाज फाटतो, अशी वर्षभर लोकांची तक्रार आहे. तुमचं जुनं सर्किटही असंच मान टाकत असणार. पण तुमचा आलेख मात्र सरळ. हा बघा गेल्या वर्षीचा."

त्यांनी पिशवीतून कागद काढला. रेघ अगदी सरळ होती. ताईंची नजर आपसूक अक्षांकडे गेली. खाली आणि बाजूला, दोन्हीकडे तेच शब्द. कोपऱ्यात साहेबांची सही.

साहेबांनी चष्मा लावून कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तो दुसरा रकाना कुठं निवडायचा, तेवढं मला दाखवून ठेवा."