दशमीची भरती

वजनकाट्यावर दोन ट्रेलरांच्या मधल्या फुरसतीत निकेतने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं. परदेशातला एक अरुंद कालवा होता. त्यातून लांबुडकी होडी इतकी सावकाश चालली होती, की काठावर कुत्रं फिरवणारा माणूस तिला मागे टाकून गेला. होडीच्या टपावर फुलांच्या कुंड्या, आत चहा पिणारं कुटुंब, आणि मागे सुकाणू धरून उभा असलेला नवरा. बायको आणि सासू त्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या. (त्यातली सासू कोणती, हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं. ते निकेतने स्वतःच ठरवलं.)

सासूचं कौतुक हा निकेतचा हळवा विषय होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी सखुबाई त्याच्याशी थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या. भांडण वगैरे काही नव्हतं. जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही, त्याची चूक तर काढायचीच नाही, ही त्यांच्या काळची रीत. सगळं मुलीमार्फत चाले. "दिपाली, त्यांना विचार, भात वाढू का?" निकेत दोन फुटांवर ताट घेऊन बसलेला असे. दिपाली विचारी, तो दिपालीला उत्तर देई, आणि तोवर भात निवून जाई. 'जावई बरा हाय' एवढं त्यांनी कधीतरी म्हणावं, आणि ते आपल्या कानांवर पडावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने चैत्रातला दुसरा रविवार ठरवला. शेजारच्या तुळशीरामची मशीनची होडी मागितली. तुळशीराम मासेमारीतला माणूस. भरती बघून निघ, असं त्याने दोनदा बजावलं. निकेतला जरा राग आला. तो मिठागरवाल्यांच्या घरात वाढलेला, त्याला भरती कोण शिकवणार? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. रविवारी दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला खाडी काठोकाठ, म्हणजे साडेसातला निघायचं.

(इथेच घोटाळा झाला. मिठागरवाल्यांचं काम भरती पूर्ण झाली की सुरू होतं. तेव्हा बांधाची उघाडी वर घ्यायची आणि पाणी आत सोडायचं. होडीवाला मात्र पाणी चढत असताना खाडीत वर जातो. काठोकाठ भरलेली खाडी यापुढे फक्त उतरणार असते.)

धक्क्यावर सखुबाईंनी पाण्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, मग लेकीला बाजूला घेतलं. दिपाली घरी जाऊन आणखी सहा भाकऱ्या, पाण्याचा मोठा कॅन आणि दोन छत्र्या घेऊन आली. तीन तासांच्या फेरीला एवढं कशाला, म्हणून निकेत हसला. सखुबाई पदर सारखा करून होडीत बसल्या.

पहिला दीड तास व्हिडिओसारखाच गेला. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी भिंत होती. एक निळा खंड्या होडीच्या पुढे पुढे उडत, जणू वाट दाखवत होता. पलीकडे मिठाचे पांढरे ढीग उन्हात चमकत होते. सासूबाई पूर्वी जिथे राबल्या ते जुनं मिठागर त्यांना दाखवावं म्हणून निकेतने होडी एका अरुंद चरात वळवली. व्हिडिओतला कालवा तो हाच, असं त्याच्या मनात आलं. नऊच्या सुमाराला होडी थबकली. मशीन घरघरली, मागे काळा चिखल उसळला, आणि त्याच्या देखत पाणी दोन्ही काठांवरून खाली सरकू लागलं.

"ढकलून बघतो," असं म्हणत निकेत खाली उतरला. पहिल्या पावलाला गुडघा गेला, दुसऱ्याला मांडी गेली. पाय ओढायला गेला तर कमरेपर्यंत आत.

"जावईबापू, हलू नका," पाठीमागून आवाज आला. "आडवे व्हा."

एकोणीस वर्षांतलं हे पहिलं वाक्य. ते नीट ऐकता यावं म्हणून तरी निकेतने हलणं थांबवलं. सखुबाईंनी वल्हं चिखलावर आडवं टाकलं, त्याला त्यावर छाती टेकायला लावली, आणि पोटावर सरपटत होडीत यायला सांगितलं. चपला चिखलानेच ठेवून घेतल्या.

"आई, आता पाणी कधी येणार?"

"साडेपाचला. तरंगायला सव्वासहा."

"म्हणजे तुला सकाळीच माहीत होतं?"

"व्हय. पण जावयाला कसं सांगायचं?" सखुबाई म्हणाल्या. मग चिखलाने माखलेल्या निकेतकडे बघून त्यांना हसू आलं, ते बराच वेळ थांबेना.

नंतर त्यांनी साडीचा काचा मारला, होडीतली एक फळी काढली, तिच्यावर एक गुडघा टेकवला आणि दुसऱ्या पायाने रेटत चिखलावरून सरसर निघाल्या. निकेत छत्रीखाली बसून बघत राहिला. रोज चाळीस टनांचे ट्रेलर तोलणारा माणूस, पण असं वजन त्याने पाहिलं नव्हतं. बाहत्तर वर्षांची बाई, आणि चिखलात तिची साधी नोंदही होत नव्हती. त्या वाकत, बिळात हात घालत आणि चिखलातली वळवळणारी मासळी, निवटी, कमरेच्या पिशवीत टाकत. एकही हात रिकामा वर आला नाही. त्याला टाळी वाजवावीशी वाटली, पण हात चिखलाचे होते.

दुपारी भाकऱ्या खाताना त्या निकेतशी थेट बोलत होत्या. कुठल्या कोंडीत, म्हणजे वाफ्यात, मीठ आधी धरायचं, कुठल्या बांधावर दिपालीला झोळीत टांगून ठेवायच्या, हे बोट दाखवून सांगत होत्या. मिठागर सुटल्यापासून कोणी त्यांना इकडे आणलंच नव्हतं. निकेत एवढ्या मन लावून ऐकत होता, की होडी तरंगली तेव्हा त्याला जरा वाईटच वाटलं.

धक्क्यावर तुळशीराम वाट बघत उभा होता. होडीची दशा बघून त्याने निकेतला चार गोष्टी सुनावायला सुरुवात केली.

"त्यांना बोलू नको," सखुबाई म्हणाल्या. "माझा जावई बरा हाय."

निकेत ते ऐकून रात्रभर तसाच हसत झोपला, असं दिपाली सांगते.

सोमवारी सकाळी कामावर निघताना त्याला दारात चार म्हाताऱ्या दिसल्या. चौघींच्या कमरेला पिशव्या, हातात एकेक फळी. पुढे सखुबाईंची मैत्रीण मनुबाई होती.

"सखू सांगत होती, निवट्यांच्या बरोब्बर जागी होडी रुतवावी तर तुम्हीच. आमचे जावई नुसते नागावच्या समुद्रावर फिरायला नेतात आन् धड परत आणतात," ती कौतुकाने म्हणाली. "तर पुढच्या रविवारी किती वाजता रुतवता?"