मन्मथअप्पांकडं जायचं म्हणजे

मुरुडच्या मन्मथअप्पांकडं औषधाला जायचं तर एक गोष्ट आधी ठाऊक असावी लागे. आपला आजार त्यांना सांगायचा नाही. कुणी "पोट दुखतंय" असं म्हणालं की अप्पा दोन्ही कानांवर हात ठेवत आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसत. "आजाराचं मागून बघू," म्हणत, "आधी माणसाचं सांगा."

लातूरच्या एका डाळमिलवाल्या शेठजींना हे माहीत नव्हतं. ते जीप करून आले आणि दारात उभ्या उभ्याच आपली सगळी दुखणी सांगून मोकळे झाले. अप्पांनी त्यांना बाहेर पाठवलं, चप्पल काढून पुन्हा आत यायला लावलं, सतरंजीवर बसवलं आणि विचारलं, पाणी कुठलं पिता. शेठजी म्हणाले, नळाचं. नळाला कुठून येतं ते त्यांना सांगता आलं नाही. मग अप्पांनी विचारलं, भूक किती वाजता लागते. शेठजी म्हणाले, जेवण एक वाजता असतं. अप्पा म्हणाले, जेवणाचं न्हाई विचारलं, भुकेचं विचारलं. शेठजी विचारात पडले. शेवटची भूक कधी लागली होती, हे त्यांना काही केल्या आठवेना. असं तासभर चाललं. शेवटी औषध मिळालंच नाही, नुसतं परहेज, म्हणजे पथ्य, मिळालं. दुपारी बारापर्यंत हमालांवर ओरडायचं नाही आणि घरून मिलपर्यंत पायी जायचं. शेठजी रागानं लाल होऊन जीपमध्ये बसले. महिन्याभरानं त्यांचा मुनीम अप्पांच्या दारात हजर. म्हणाला, पुढचं परहेज विचारायला पाठवलंय.

मी मुरुडला आलो तो लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराला. जिल्हा वेगळा झाला तसे आम्ही कारकूनही वाटले गेलो. लातुरात खोल्या मिळत नव्हत्या, आणि रिकाम्या असलेल्याही माझं आडनाव ऐकून एकदम भरायच्या. शेवटी मुरुडात अप्पांच्या शेजारी त्यांच्या चुलतभावाची पत्र्याची खोली आहे असं कळलं. भावानं माझं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग काढलेली किल्ली परत खिशात टाकली. ओट्यावर अप्पा काहीतरी निवडत बसले होते. कपाळावर विभूती, अंगात बंडी. त्यांनी मान वर न करता विचारलं, झोप कुठल्या कुशीवर लागते. मी म्हटलं, डाव्या. "देऊन टाक खोली," ते भावाला म्हणाले. कशावरून म्हणाले ते मला आजवर कळलेलं नाही.

रोज एसटीनं लातूर गाठायचं, दिवसभर फायली, संध्याकाळी परत. चार महिन्यांत माझी छाती जळायला लागली. शेजारीच वैद्य, म्हणून गेलो आणि शहाण्यासारखा गप्प बसलो. अप्पांनी आधी माझे पाय बघितले. मग नखं, मग जीभ. मग प्रश्न सुरू झाले. घरी पाठवायच्या पत्रात खरं लिहितो का. भाकरी आवडते की सवयीनं खातो. कुणाशी बोलणं सोडलंय का. मग नाडी धरून त्यांनी डोळे मिटले. इतका वेळ गेला की मला वाटलं त्यांचा डोळा लागला. मी हळूच हात सोडवायला गेलो तर म्हणाले, "दम धरा भाऊसाहेब, ती बोलायलीय."

परहेज असं मिळालं: स्टँडवरचा चहा बंद, आणि एसटीत बसून फाईल वाचायची नाही. बरोबर गुळवेलीचा काढा दिला. तो इतका कडू होता की पहिल्या घोटानंतर मला आमच्या साहेबांचा स्वभाव गोड वाटायला लागला. छातीची जळजळ मात्र तीन आठवड्यांत गेली. काढ्यानं गेली की चहा सुटल्यानं, हे मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, मला बी माहीत न्हाई, पण दोन्ही चालू ठेवा.

वर्षातून एकदा ते माहूरच्या डोंगरात झाडपाला आणायला जात. गावाला वाटे, अप्पा देवीला गेले. पण झाडपाल्याची पिशवी भरेपर्यंत त्यांचे पाय भरून येत, मग ते खालूनच हात जोडून एसटीत बसत. पाऊस कमी झालेल्या सालात मुरडशेंग मिळाली नाही, शतावरी मिळाली नाही. बाजारात दोन्हीची भुकटी मिळत होती. अप्पांनी ती आणली नाही. दाराला पाटी टांगली आणि तिच्यावर खडूनं काय काय संपलंय ते लिहिलं. हळूहळू पाटी दोन्ही बाजूंनी भरली. लोक दारात उभं राहून पाटी वाचत आणि परत जात.

त्यांची एक सवय मात्र मला खटकायची. तीन दिवसांचा ताप असला, छातीत कळ असली, पोटुशी बाईच्या पायांना सूज असली, की अप्पा एकही प्रश्न विचारत नसत. "उठा," एवढंच म्हणत. खांद्यावर उपरणं टाकत आणि त्या माणसाला घेऊन स्वतः एसटीत बसत, थेट लातूरच्या सरकारी दवाखान्यात. तिथं बाहेरच्या बाकावर दिवस घालवत. येताजाता मला ते तिथं कितीदा तरी दिसले. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही. कधी वाटायचं, डॉक्टरांचं काही चुकतं का ते बघायला जात असतील. एकदाही मी त्यांच्या शेजारी त्या बाकावर बसलो नाही.

नव्या जिल्ह्यात सगळंच नव्यानं लिहून काढायचं होतं. रस्ते, विहिरी, शाळा. त्यातच एक दिवस साहेबांनी गावं वाटून दिली आणि नोंदणी नसताना औषध देणाऱ्यांची यादी करायला सांगितलं. मुरुड आणि आसपासची गावं माझ्याकडं आली. मी फिरलो. एक जण दिसेल त्याला सलाईन लावत होता. एक जण काविळीला डाग देत होता. असे सहा जण झाले. सातवे अप्पा.

लिहिताना हात थांबला, हे मी खरं सांगतो. साहेबांना विचारता आलं असतं, की असा एक माणूस आहे, त्याचं काय करू. शेरा लिहायला यादीत जागा होती, तिथं चार ओळी लिहिता आल्या असत्या. पण मी नोकरीत नवा होतो, आमच्या घरातला पहिलाच सरकारी नोकर. पदवी नाही, नोंदणी नाही, हे तर खरंच होतं. मी नाव लिहिलं. इतकंच नाही, यादीत सगळ्यात वर लिहिलं, कारण त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त माहिती होती.

दोन महिन्यांनी नोटिसा आल्या. सलाईनवाल्यानं आठ दिवसांत दुसऱ्या गावात दुकान मांडलं. डाग देणारा चार दिवस दार लावून बसला आणि पुन्हा सुरू झाला. नोटिशीत लिहिल्याप्रमाणं वागले ते एकटे मन्मथअप्पा. पाटी काढली, डबे बांधून माळ्यावर टाकले. कुणी आलं की ओट्यावरूनच हात जोडत आणि लातूरला जा म्हणत. एक म्हातारी दुपारभर पायरीवर बसून राहिली. तिला औषध नकोच होतं, कुणीतरी तिला काही विचारावं एवढंच हवं होतं. अप्पा आत जाऊन बसले.

हे मी रोज खोलीतून बघत होतो. शेवटी एका रविवारी दुपारी गेलो आणि सांगून टाकलं, अप्पा, ती यादी मी केली.

ते चुलीपुढं पीठ मळत होते. म्हणाले, "मला माहीत हाय. बरोबर लिहिलं तुम्ही."

मी काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी पिठाच्या हातानंच थांबवलं. मग त्यांनी बायकोचं सांगितलं. तोवर त्यांना बायको होती हेच मला माहीत नव्हतं.

तिचं नाव काशीबाई. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जायची. अप्पांचं तेव्हा नाव होतं, दारात रांग असायची, पण रांगेतल्या कुणाकडंच धान्य नव्हतं. कामावर मजुरांना खायला सरकारी सुकडी वाटत. काशीबाई पदरात बांधून ती घरी आणायची आणि नवऱ्यापुढं ठेवायची. मी कामावरच खाल्ली म्हणायची. ती वाळत चालली होती ते अप्पांना दिसत होतं. त्यांना वाटलं, उन्हानं. मग ताप आला. त्या काळी अप्पा तोंडाकडं बघून औषध देत, आणि त्याचीच गावात वाहवा होती. बायकोलाही त्यांनी तसाच काढा दिला. पाचव्या दिवशी बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, बाईच्या पोटात धड अन्न किती दिवस नाही. अप्पांनी तिच्याकडं बघितलं. तिनं तोंड पलीकडं फिरवलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

"दोन महिने ती उपाशी होती," अप्पा म्हणाले. "मी वैद्य, आन् मी तिला येकदा बी इचारलं न्हाई, का तू काय खाल्लं. मी पोटभर खात होतो, भाऊसाहेब."

हे त्यांनी अगदी शांतपणानं सांगितलं. मग भाकरी थापायला घेतली. मी खाली बघत बसलो. दोन भाकऱ्या झाल्या, तिसरी तव्यावर पडली. त्यांनी फळीवरून दोन ताटल्या काढल्या, एकीत पिठलं वाढलं आणि ती माझ्याकडं सरकवली.

"बसा," म्हणाले. "दोन घास खाऊन जा. येकट्याला जेवण जात न्हाई."

मी म्हटलं, नको अप्पा, मी जेवून आलोय.

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. पण त्यांच्यासमोर बसून घास तोंडात घालणं मला झेपलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं. अप्पांनी मान हलवली आणि दुसरी ताटली परत फळीवर ठेवली. मी चपला घालून बाहेर आलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी परत आलो तर त्यांच्या दाराला कुलूप. भाऊ म्हणाला, माहूरला गेले, किल्ली देऊन गेले. पंधरा दिवसांत येतील असं सगळ्यांनाच वाटत होतं. ते आले नाहीत. वर्षभरानं मी रजा काढून माहूरला गेलो. पायऱ्यांखालच्या दुकानांत चौकशी केली. एक फुलवाली म्हणाली, हाव, असा एक म्हातारा होता, चढून दमलेल्यांना सावलीत बसवून पाणी द्यायचा. कुठं गेला ते तिला सांगता आलं नाही.

मी आता निवृत्त झालोय. यादीत नाव लिहिलं त्याचं मी मनाशी काहीतरी समाधान करून घेतो. कागद खरा होता, काम माझ्याकडं आलं होतं. पण त्या दुपारी मला भूक लागली होती, आणि तिसरी भाकरी तव्यावर होती. मी बसायला हवं होतं.