गजभिये मॅडम आणि छातीतली गाठ

आमच्या गजभिये मॅडम काहीही निरखायचं झालं की डावा डोळा मिटतात. उभा जन्म सूक्ष्मदर्शकावर गेल्याचा परिणाम. बड़ा फुहारा बाजारात साडीच्या दुकानात त्यांनी असाच साडीचा पदर निरखला, तर समोरचा दुकानदार लाजून लाल झाला.

सिविल लाइन्सच्या लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली आहे. कोणी रिपोर्टची घाई केली की त्यांचं ठरलेलं, "थांब न बाप्पा! पेशी काय पळून राहिली काय?"

गेल्या हिवाळ्यात अधारतालच्या एका शिक्षिकेच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आला. त्यात प्लाझ्मा पेशींची गर्दी होती. संसर्गाशी लढायला या पेशी जमतातच, म्हणून छातीच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "सूजच ना, मॅडम?"

मॅडमनी डोळा मिटला. "भैया, सूज म्हणजे लग्नघर. नाना तऱ्हेचे पाहुणे पाहिजेत. इथं सगळे एकाच कपड्यात! हे पाहुणे नाहीत, बँडवाले आहेत."

"मतलब?"

"मतलब कॅन्सर. प्लाझ्मा पेशींचा. छातीत क्वचितच होतो, म्हणून तिथं कोणाला त्याची शंका येत नाही."

खास रंग देऊन पाहिलं, तर साऱ्या पेशी खरंच एकाच साच्यातलं प्रथिन बनवत होत्या. आता धाकधूक होती ती रोग हाडांमध्ये पसरल्याची. अस्थिमज्जा, रक्त, लघवी, स्कॅन, मॅडमनी सगळं करायला लावलं. सगळं स्वच्छ निघालं! गाठ एकटीच होती, किरणांनी बरी होण्यासारखी.

मॅडमनी लॅबभर खोव्याची जलेबी वाटली. आमचा शिपाई घाबरला, "मॅडम, कैंसर की मिठाई?"

"एकच गाठ आहे म्हणून रे! खा गुपचूप."

एवढं असून त्या रुग्णांना कधी भेटत नाहीत. कोणी आभार मानायला आलं की मागच्या दारानं सटकतात. "मला माणसं नाही जमत," म्हणतात.

काही दिवसांनी स्लाइड द्यायला मी किरणोपचार विभागात गेलो. बाकावर त्या शिक्षिका, फाइलवरच्या नावावरून ओळखलं; सोबत घरचं कोणी नव्हतं. शेजारी मॅडम, हातात सोललेलं संत्रं.

"दीदी, आपका मरीज़ कौन है?" बाईंनी फोड घेत विचारलं.

मॅडम गडबडल्या. मग हळूच म्हणाल्या, "आप ही हैं."

बाई काही विचारणार, तोच आतून हाक आली. त्यांनी आपली पर्स मॅडमकडे दिली आणि आत गेल्या. मॅडम ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून, बंद दाराकडे बघत बसून राहिल्या.